चुकीच्या प्रकारची अग्निशामके पुरवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. विक्री व्यवस्थापक,
अग्निशमन उपकरणे विभाग

विषय: ऑर्डरसोबतच्या तक्त्याप्रमाणे अग्निशामके न मिळाल्याबाबत व ती बदलून मिळण्याबाबत

महोदय,

आपण पाठवलेली अग्निशामके संख्येने बरोबर आहेत, प्रकाराने नाहीत. कोणत्या विभागात काय साठवले जाते आणि तिथे काय पेटू शकते, याचा तक्ता ऑर्डरला जोडला होता. आपल्या सर्वेक्षकांनी फक्त क्षेत्रफळ मोजले आणि बहुतेक ठिकाणी ६ किलोची एबीसी पावडर (लाकूड-कागद, ज्वलनशील द्रव आणि वायू यांच्या आगींसाठीची) लिहून टाकली. वर प्रत्येक नळकांड्यावर ‘सर्व प्रकारच्या आगींसाठी’ असे स्टिकर आहे. हे स्टिकर धोकादायक आहे. ते वाचून कामगार नको त्या आगीवर नको ते अग्निशामक उचलेल.

सर्वांत गंभीर चूक मशीन शॉपमधली आहे. तिथे मॅग्नेशियम मिश्रधातूचे काम चालते आणि मशीनखालच्या ट्रेमध्ये बारीक कीस साचतो. तो पेटला तर एबीसी पावडर कामाची नाही. त्यातले मोनोअमोनियम फॉस्फेट लाकूड-कागदाच्या निखाऱ्यावर वितळून थर धरते. धातूच्या आगीच्या उष्णतेपुढे ते टिकत नाही. शिवाय नोझलमधून जोरात निघणारा झोत पेटता कीस उडवून आग चार ठिकाणी पसरवतो. पाणी मारले तर हायड्रोजन सुटतो. सीओटूही (कार्बन डायऑक्साइड) चालत नाही, कारण पेटलेले मॅग्नेशियम त्यातला ऑक्सिजन ओढून घेऊन जळतच राहते. इथे डी वर्गाचे म्हणजे धातूच्या आगीसाठीचे, सोडियम क्लोराइडची पावडर असलेले आणि लांब दांडीच्या अ‍ॅप्लिकेटरचे अग्निशामक हवे. त्यातून पावडर कमी वेगाने पडते, ढिगावर जाड थर बसतो आणि उष्णतेने त्याचे कवच बनते. त्यानंतर ढीग पूर्ण थंड होईपर्यंत हलवायचा नसतो. उकरला की आतला धातू पुन्हा पेटतो. ही सूचना लेबलवर हवी. (लिथियम धातू असता तर तांब्याची किंवा ग्राफाइटची पावडर लागली असती. तो आमच्याकडे नाही, तेवढे तरी सोपे आहे.)

सॉल्व्हंट स्टोअरमध्ये अ‍ॅसिटोन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल असते, हे तक्त्यात ठळक लिहिले होते. आपण ९ लिटरचे साधे एएफएफएफ फोम (तेलाच्या आगीवर फेसाचा थर धरणारे) दिले. हे दोन्ही द्रव पाण्यात मिसळतात, त्यामुळे फोममधले पाणी शोषून घेतात आणि फेसाचा थर बसता बसता विरतो. तिथे अल्कोहोल-रोधक फोमच लागतो. त्याचा द्रवावर पॉलिमरचा पापुद्रा बनतो आणि वरचा फेस टिकतो. गंमत म्हणजे आपल्याच नळकांड्यावर ‘पेट्रोल, डिझेल, ऑइलसाठी’ असे छापलेले आहे. पाठवण्यापूर्वी ते कोणी वाचलेले दिसत नाही.

पॅनेल रूममध्ये एबीसी पावडरने आग विझेल, हे मान्य. पण ती पावडर रिले, कॉन्टॅक्टर आणि इलेक्ट्रॉनिक कार्डांमध्ये शिरते, ओलावा धरते आणि धातू गंजवते. आगीतून वाचलेले पॅनेल मग पावडरमुळे बदलावे लागते. तिथे ४.५ किलोचे सीओटू द्यावे. खोली लहान आणि बंद असल्याने ते दाराबाहेर बसवावे आणि ‘आधी मेन स्विच बंद करा, गॅस सोडल्यावर आत थांबू नका’ असा फलक लावून द्यावा. हॉर्नला उष्णतारोधक मूठ असलीच पाहिजे; बाहेर पडणारा सीओटूचा बर्फ उणे ७८ अंश सेल्सिअसचा असतो आणि उघड्या हाताची कातडी भाजल्यासारखी होते.

आता तपासणी कार्डाविषयी. थिनरच्या खोलीत आपण २ किलोची सीओटू बसवलीत. त्यांच्या कार्डांवर आपल्या तंत्रज्ञाने ‘प्रेशर गेज: हिरव्या पट्ट्यात’ असे लिहून सही केली आहे. या सिलिंडरना गेजच नसतो! आत द्रवरूप गॅस शिल्लक असेपर्यंत दाब जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे गेज असता तरी गळती कळली नसती. सीओटूची तपासणी वजनाने होते. सिलिंडरवर कोरलेल्या रिकाम्या वजनाशी ताडून पाहायचे आणि १० टक्क्यांहून जास्त गॅस कमी भरला, म्हणजे ४.५ किलोच्या सिलिंडरमध्ये ४५० ग्रॅमहून जास्त, तर रिफिल करायचे. न पाहता भरलेल्या या कार्डांमुळे बाकीच्या कार्डांवरही आमचा विश्वास राहिलेला नाही.

पॅकिंग विभाग आणि गोदामातली एबीसी पावडर योग्य आहे, ती परत करायची नाही. फक्त कागदाच्या गठ्ठ्यांत आग आत धुमसत राहते, म्हणून तिथे जोडीला पाण्याची अग्निशामके द्यावीत.

बदली देताना जुन्या बीसी (सोडियम बायकार्बोनेट पावडरच्या) नळकांड्यांत एबीसी पावडर भरून पाठवू नये. आत उरलेला सोडियम बायकार्बोनेट आणि फॉस्फेट यांची ओलाव्यात अभिक्रिया होऊन गॅस सुटतो, पावडरचे गोळे होतात आणि ऐन वेळी नोझल तुंबतो.

वरील बदल १० दिवसांत करावेत आणि सर्व सीओटू सिलिंडरांचे वजन आमच्या प्रतिनिधीसमोर करून नवी कार्डे द्यावीत. मशीन शॉपची बदली सर्वांत आधी हवी. ती होईपर्यंत त्या विभागापुरती तरी डी वर्गाची दोन अग्निशामके तात्पुरती, ताबडतोब पाठवावीत. हे पूर्ण होईपर्यंत देयकाची उरलेली रक्कम रोखून ठेवली आहे. विभागवार तक्ता पुन्हा सोबत जोडला आहे.

आपले,
सुरक्षा व देखभाल विभाग

सोबत: विभागवार तक्ता, तपासणी कार्डांच्या छायाप्रती