भुऱ्या सध्या आमच्याकडे आहे

जळगाव, १८ जानेवारी

ती. आप्पा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर भुऱ्याचा, नवं घर मिळेपर्यंत आमच्याकडे असलेल्या तीन पायांच्या कुत्र्याचा, विषय निघाला तेव्हा आप्पा म्हणाले, "पाय कापून जगवण्यापेक्षा एक सुई देऊन मोकळा केला असता तर पुण्य लागलं असतं." मी तेव्हा काही बोलले नाही. ह्यांचा डबा भरायचा होता, आणि ही गोष्ट घाईत सांगण्यासारखी नव्हती. म्हणून पत्र लिहिते आहे. आप्पांचा नवा चष्मा अजून आला नसेल तर आई, तू वाचून दाखव.

आप्पा, तुम्ही हे बोललात तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे पाखऱ्या होता, हे मला कळलं. मी चौथीत होते. नाल्याच्या उतारावर गाडी कलंडली आणि पाखऱ्याचा पुढचा पाय मोडला. तुम्ही रात्रभर गोठ्यात बसून होतात. सकाळी ढोरांचे डॉक्टर आले, त्यांनी पायाला हात लावला आणि मान हलवली. मग तुम्ही आम्हा पोरांना घरात पाठवून दिलंत. त्या वर्षी पोळ्याला सर्जाच्या शिंगांना रंग लागला नाही. एकट्या बैलाला काय सजवायचं, म्हणालात, आणि आईने केलेली पुरणपोळी त्याला अंधार पडल्यावर नेऊन दिलीत.

तुम्ही केलंत ते बरोबरच होतं. चारशे-पाचशे किलोचं जनावर तीन पायांवर तो भार पेलू शकत नाही. आडवं पडून राहिलं तर खालच्या अंगाचे स्नायू चेपून मरतात, पोटात गॅस धरतो. त्याला तसं ठेवण्यात दया नव्हतीच. पण कुत्र्याच्या शरीराचा हिशेब वेगळा आहे. तो उभा असतो तेव्हा वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो आणि मागच्या दोघांवर मिळून ४०. भुऱ्याचा गेला तो मागचा डावा. पुढचा गेला असता तरी कुत्री जगतात, चालतात, पण ते जास्त जड जातं.

सुईचा विचार डॉक्टरांनीही केला होता. नशिराबादजवळ हायवेला गाडीच्या चाकाखाली त्याचा पाय सापडला होता. इथली मुलं त्याला उचलायला गेली तोवर मांस सडायला लागलं होतं, गुडघ्याखालच्या हाडाचा चुरा झाला होता आणि पंजाला टोचलं तरी कळत नव्हतं. पाय वाचण्यासारखा नव्हताच. नाशिकला नेल्यावर आधी उरलेल्या मागच्या पायाचे आणि खुब्याचे एक्स-रे काढले. मोठ्या जातीच्या कुत्र्यांचे खुबे पुष्कळदा खराब असतात, आणि याचा दुसरा खुबा वाईट निघाला असता तर निर्णय तुम्ही म्हणता तोच झाला असता. तो चांगला निघाला, म्हणून पाय काढला, तोही मांडीत वरून. मला वाटलं होतं की खाली जितका ठेवता येईल तितका ठेवतील. पण खुंट ठेवला तर कुत्रा तो टेकवायला बघतो, आपटतो, आणि तिथे जखमा होत राहतात.

आमच्याकडे आला तेव्हा नुसता सापळा होता. उंची ग्रेट डेनच्या वळणाची, रंग भुरा (नाव धाकटीने ठेवलं), वजन फक्त ३१ किलो. गळ्यावर पट्ट्याचा जुना वळ आहे. कोणाचा तरी पाळलेला असणार; तळहात पुढे केला की आपणहून बसतो. डाव्या अंगाचे केस काढलेले, टाके लांबच लांब, आणि सगळी कड निळी-जांभळी. पोटाकडे पाणी उतरून सूजही आली होती. ते बघून ह्यांचा चेहरा उतरला होता, पण तेवढं सुजणं अपेक्षितच असतं आणि ते हळूहळू ओसरलं. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात, तोपर्यंत गळ्यात ती मोठी प्लॅस्टिकची कॉलर. ती दाराच्या चौकटीला धाडकन आदळायची आणि तो तिथेच थबकून आमच्याकडे बघत राहायचा.

सगळ्यात कठीण गेल्या त्या रात्री. गाढ झोपेतून एकदम किंचाळून उठायचा आणि मान वळवून, जो पाय नाही त्या जागेकडे बघायचा. डॉक्टर म्हणाले, पाय गेला तरी त्याच्या नसा काही काळ मेंदूला दुखल्याचा निरोप देत राहतात. माणसांनाही असं होतं. नसांच्या दुखण्याची वेगळी गोळी असते, ती चालू केली, आणि ती चुकवायची नाही हे ह्यांनी अंगावर घेतलं. रात्रीची गोळी तेच देतात, उकडलेल्या अंड्याच्या, गुळाच्या खड्याएवढ्या तुकड्यात. एक गोष्ट गावातही सांगून ठेवा: कुत्र्याला आपली ब्रुफेनची गोळी कधी द्यायची नाही. पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. लोक बिचारे चांगल्या मनाने देतात.

दुसरी अडचण फरशीची. आपल्याकडे घरोघरी आता गुळगुळीत टाइल्स, आणि तीन पायांच्या कुत्र्याला त्याच्याइतका मोठा शत्रू नाही. एकुलता मागचा पाय घसरला की बसलाच खाली. गोधड्या टाकून पाहिल्या तर गोधडीसकट घसरायचा. शेवटी रबरी मॅट आणल्या, पाण्याच्या भांड्यापासून दारापर्यंत वाटच केली. नखं बारीक ठेवते, पंजाच्या गादीमधले केस कापते, म्हणजे पकड बसते. आणि आप्पा, तुमचा जुना पंचा कपाटात होता ना, त्याने मोठं काम केलं. पोटाखालून घालून दोन्ही टोकं वर धरायची, म्हणजे त्याच्या मागच्या अंगाचा भार आपल्या हातात येतो. लघवीच्या वेळी तेवढा जरा पुढे सरकवायचा. आता पंचा लागत नाही. धुऊन ठेवला आहे.

तो चालायला कसा शिकला ते तुम्ही बघायला हवं होतं. कोणी शिकवलं नाही. आधी उरलेला पाय उजवीकडे, जिथे पहिल्यापासून होता तिथेच टेकवायचा आणि कलंडायचा. मग एकेक दिवस तो पाय आत आत आणत गेला. आता बरोबर शरीराच्या मधोमध टेकतो, आणि हा तिवईसारखा पक्का उभा राहतो. मान थोडी खाली धरतो, म्हणजे भार पुढे जातो. संथ चालताना दमतो. दुडक्या चालीने गेला की त्याला सोपं जातं, म्हणून त्याला ओढून "हळू, हळू" करायचं नाही. पायऱ्या उतरतो, चढताना मात्र मागून रेटा कमी पडतो, तेव्हा मी पट्ट्याला हात देते.

कॉलनीत बायका थांबतात, "काय व्हयनं वं माय याले?" विचारतात आणि डोळ्यांना पदर लावतात. मी सांगते सगळं. पण त्याला स्वतःला आपण बिचारे आहोत हे माहीत नाही. त्याला दूधवाल्याच्या गाडीमागे जायचं असतं.

आता आई, तुझ्याशी बोलते. तू येशील ती भरताची वांगी घेऊन येशील, कपाशीच्या काड्यांवर भाजशील, आणि तो वासाने तुझ्या पायाशी येऊन बसेल. तुझा हात थांबणार नाही हे मला ठाऊक आहे. पण भरतात लसूण आणि कांद्याची पात असते, आणि कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं आणि मनुकाही नाहीत. शिजवलेली हाडं नाहीत, ती फुटून आतड्यात टोचतात. आणि तूप-भाकरी लाडाने रोज चारून त्याला धष्टपुष्ट करायचं नाही. चार पायांचं काम तीन पाय करतायत, वाढलेला एकेक किलो त्या सांध्यांवर जातो. हात फिरवला की बरगड्या लागल्या पाहिजेत, एवढाच तो ठेवायचा. तुला वाटेल पोर उपाशी ठेवते आहे. नाही ठेवत. दोन वेळा भात, चिकन, अंडं, कधी लाल भोपळा. तुला द्यायचंच असेल तर कळण्याच्या भाकरीचा कोरडा कोपरा दे, त्यावर तो फार खूश होतो.

आप्पांचा दुसरा प्रश्न: देऊनच टाकायचा तर एवढा जीव का लावायचा? आप्पा, लावल्याशिवाय तो देण्याजोगा झाला नसता. सिमेंटच्या पिंजऱ्यात, पंचवीस कुत्र्यांच्या भुंकण्यात हा पाय मधोमध आला नसता. आणि नवीन घरच्यांना कोण सांगणार होतं की याला ट्रकच्या ब्रेकचा 'फुस्स' आवाज आला की हा थरथरतो, पण फटाक्यांना घाबरत नाही? की लहान मुलांनी शेपूट ओढली तर उठून लांब जातो, चावत नाही. मात्र जेवत असताना ताटाजवळ गेलेलं त्याला चालत नाही? हे सगळं घरात राहिल्यावरच कळतं. धाकटीने एक वही केली आहे, त्यात मी लिहून ठेवते. ती वही त्याच्याबरोबर जाईल.

नाशिकचं एक कुटुंब दोनदा येऊन भेटून गेलं आहे. घर तळमजल्यावर आहे, मागे माती आहे, आणि त्यांनी आधी तीन पायांचं कुत्रं सांभाळलेलं आहे. फेब्रुवारीत नेतील. मला रडू येणार आहे, ते मी तुमच्यापासून लपवत नाही. धाकटी तर आत्तापासूनच "आपणच ठेवू" म्हणते. पण आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि जळगावचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. पारा ४५च्या वर जातो. कुत्र्याला घाम येऊन गार होता येत नाही, धापा टाकूनच उष्णता बाहेर काढावी लागते, आणि तीन पायांवर चालणाऱ्याला तेवढंच अंतर जास्त तापवतं. त्याला इथे ठेवणं हे माझ्यासाठी झालं असतं, त्याच्यासाठी नाही. तो गेला की ती रबरी वाट पुसून ठेवीन. भुसावळला एक कुत्री आहे, पायाला प्लेट टाकलेली, तिला जागा हवी आहे.

म्हणून म्हणते, त्याआधी एकदा दोघं या. आप्पा, तुम्ही विशेष या. तुम्हाला जनावराची चाल कळते. मला जे नुसतं बरं दिसतं त्यात काय बाकी आहे ते तुम्ही सांगाल. मला उरलेल्या पायाच्या घोट्याची जरा शंका येते. संध्याकाळी घोटा चाटत बसतो. पुढच्या आठवड्यात दाखवणार आहे, पण तुमचा हात त्यावरून फिरला तर मला धीर येईल.

चोपड्याहून सकाळच्या एसटीने निघा, विदगावचा पूल ओलांडला की मला फोन करा. ह्यांना स्टॅंडवर पाठवते, आणि तुम्ही वर यायच्या आत भुऱ्याला आतल्या खोलीत बांधते. नवीन माणूस आलं की तो आनंदाने अंगावर येतो, आणि आई, तुझ्या गुडघ्यांना तो धक्का सोसायचा नाही. आधी बसून घे, मग सोडीन. समोरून हात दे, हनुवटीखाली. डाव्या मांडीला पहिल्या दिवशी कोणी हात लावू नका.

तुमची,
ताई