भीमगडच्या जंगलातील पायवाटा गावांच्या हाती द्या

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील धबधब्यांकडे गाड्यांची रीघ लागते, प्रशासन बंदी घालते, बंदी चुकवून आडवाटेने जंगलात शिरलेली मुले वाट चुकतात आणि त्यांना शोधायला पोलिसांबरोबर गावकऱ्यांनाच भर पावसात बाहेर पडावे लागते. हा क्रम आता आपल्या अंगवळणी पडला आहे. त्यावर आपल्या दैनिकात येणारी पत्रे मी नियमाने वाचतो. काहींच्या मते जंगल पूर्ण बंद करावे. काहींना तिथे चांगले रस्ते, वाहनतळ आणि रिसॉर्ट हवे आहेत. या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गावांना काय हवे आहे, याचा उल्लेख मात्र दोन्हीकडे क्वचितच सापडतो. म्हणून हे पत्र लिहीत आहे. याच तालुक्यातील भीमगड अभयारण्यात ज्याला पायी हिंडायचे असेल, त्याने परवानगी काढून, गावचा वाटाड्या घेऊन, गावातल्या घरांत मुक्काम करत सलग काही दिवस हिंडावे. आणि त्या भटकंतीचे दर, नियम व उत्पन्न त्या त्या गावच्या ग्रामसभेच्या हाती असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

भीमगड अभयारण्य डिसेंबर 2011 मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र 190 चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्प आणि पश्चिमेला गोव्याचे म्हादई अभयारण्य यांच्यामध्ये हे जंगल असल्यामुळे वाघ, बिबटे, गवे आणि अस्वले यांचा वावर या सगळ्या पट्ट्यात अखंड चालू असतो. कणकुंबीच्या माउली मंदिराजवळ उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेला मिळते, तर देगावच्या परिसरात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला उतरून गोव्यात मांडवी होते. म्हणजे चार दिवस चालणारा माणूस एका समुद्राचे पाणी मागे टाकून दुसऱ्या समुद्राच्या पाण्यापाशी पोहोचतो. या पाण्यासाठी 2010 मध्ये लवाद नेमला गेला, 2018 मध्ये त्याचा निवाडा आला आणि तरीही गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तीन राज्यांतला वाद मिटलेला नाही. त्या वादावर हिरिरीने बोलणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी हे ओढे पायाखाली घातले आहेत, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

याच जंगलात हेम्माडग्याच्या बाजूला तळेवाडी, देगाव, मेंडील आणि कृष्णापूर, नेरसे बाजूला कोंगळा, पास्टोली आणि गवाळी, तर कणकुंबीच्या रस्त्यापासून आत आमगाव अशी गावे आहेत. बहुतेक गावे मराठी बोलणारी आणि लहान आहेत, आणि काहींची घरे दोन-चार वाड्यांत विखुरलेली आहेत. पावसाळ्यापूर्वी गावकरी लाकडे आणि बांबू बांधून ओढ्यांवर साकव घालतात आणि पुराने साकव वाहून गेला की पुन्हा घालतात. आजारी माणसाला खांद्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या गेल्या काही पावसाळ्यांत आपणही छापल्या आहेत. आमगावची गणना तर राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत होते; तिथे चार महिने बाहेर पडणे म्हणजे काय असते, हे बेळगावात बसून कळणे कठीण आहे.

एका दिवसात धबधबा गाठून परतणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. त्याची गाडी जंगलाच्या तोंडाशी थांबते, जेवण घरून किंवा हॉटेलातून आलेले असते, आणि गावात मागे उरतात त्या प्लास्टिकच्या पिशव्या व बाटल्या. मुक्काम करणाऱ्याचे तसे नसते. संध्याकाळच्या आत गावात पोहोचायचे म्हणून तो वेळेवर निघतो. शेणाने सारवलेल्या सोप्यात वाकळ अंथरून झोपतो. नाचण्याची भाकरी, कुळथाचे सार आणि त्याच शेतातल्या तांदळाचा भात जेवतो. रानडुकरे आणि गवे पिकात शिरतात म्हणून माळ्यावर राखणीला निघालेला माणूस तो रात्री डोळ्यांनी पाहतो. वन्यजीव आणि शेतकरी यांच्या संघर्षाविषयी शहरात होणारी व्याख्याने मी ऐकली आहेत. पण त्या माळ्याखाली तासभर थांबल्यावर दोघांचीही बाजू जशी समजते, तशी ती सभागृहात समजत नाही.

मुक्कामाचा दुसरा लाभ सुरक्षिततेचा आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. खानापूर तालुक्यात अस्वलाच्या हल्ल्यात माणसे जखमी होण्याचे प्रकार वारंवार घडतात. अस्वल बहुधा पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडते आणि अचानक समोर आलेल्या माणसावर घाबरून झडप घालते. कोणत्या ओढ्याच्या काठी ते अलीकडे फिरते आहे आणि गव्यांचा कळप कोणत्या पाणवठ्यावर उतरतो, हे त्या आठवड्यात त्या वाटेने गेलेल्या गावकऱ्यालाच माहीत असते. या भागात मोबाइलला रेंज नसते, गुरांच्या वाटा आणि माणसांच्या वाटा एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि फोनमधला नकाशा ओढा दाखवतो पण त्याला आज किती पाणी आहे हे सांगत नाही. बाहेरून आलेल्या, पैसे घेऊन पन्नास-पन्नास जणांचे तांडे नेणाऱ्या आयोजकाला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही. अशा एका तांड्याबरोबर मीही पूर्वी गेलो होतो. आयोजकाने प्रत्येकाकडून भरपूर रक्कम घेतली होती, आणि ज्या घराच्या अंगणात आम्ही सगळे जेवलो, त्या घरच्या वहिनींच्या हातावर निघताना जे ठेवले गेले ते पाहून मान खाली घालावीशी वाटली. त्यांनी तेही आधी नाकारलेच. पाहुण्याकडून पैसे कसे घ्यायचे, हा त्यांचा खरा संकोच होता. या संकोचाचा गैरफायदा घेतला जाऊ नये म्हणूनच दर ग्रामसभेने ठरवलेला आणि लिहून लावलेला असावा. घराच्या मुक्कामाचे आणि जेवणाचे पैसे जिने चूल पेटवली तिच्या नावावर जमा व्हावेत, वाटाड्याची मजुरी त्याला थेट मिळावी, आणि प्रत्येक पाहुण्यामागे एक ठरावीक भाग गावाच्या सामाईक निधीत जावा, ज्यातून साकव, पाण्याची टाकी किंवा आजाऱ्याला नेण्याची सोय होऊ शकेल.

या गावांतली तरुण मुले आज गोव्यात हॉटेलांत कामाला जातात. ती तिथे परक्या माणसांची ऊठबस करतात, स्वयंपाक शिकतात, हिंदी-इंग्रजी बोलू लागतात. हीच कामे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आपल्या गावात, आपल्या आईवडिलांजवळ राहून करता आली, तर त्यातली काही जण थांबतील. सगळे थांबतील असे मी म्हणणार नाही.

कायद्याची अडचण पुढे केली जाते, म्हणून त्याविषयीही लिहितो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, हे योग्यच आहे. मात्र त्याच कायद्याच्या कलम 28 मध्ये ज्या कारणांसाठी प्रवेशाचा परवाना देता येतो त्यांत पर्यटनाचा आणि अभयारण्यात राहणाऱ्या व्यक्तीशी कायदेशीर व्यवहार करण्याचाही समावेश आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल, वन्यजीव आणि पाणलोट यांच्या रक्षणाचा अधिकार दिला आहे. कर्नाटकातल्याच कुमारपर्वत या शिखरावर 2024 च्या सुरुवातीला एकाच वेळी हजारो लोक जमल्यानंतर राज्य सरकारने ट्रेकिंगला काही काळ स्थगिती दिली आणि पुढे ऑनलाइन नोंदणी व संख्येची मर्यादा आणली. तेव्हा संख्या मोजण्याची आणि परवाने देण्याची यंत्रणा आज अस्तित्वात आहे. तिच्यात गावाला स्थान द्यायचे बाकी आहे. ज्या दिवशी गावात दहा माणसांचीच सोय असेल, त्या दिवशी दहाच परवाने निघावेत, आणि ही दहाची मर्यादा गावाने सांगावी. परवान्याच्या अटी व सूचना कन्नडबरोबर मराठीतही असाव्यात, कारण त्या अंमलात आणणारी वडीलधारी मंडळी मराठीच वाचतात.

असे देशात अन्यत्र झाले आहे. केरळमधील पेरियार व्याघ्र प्रकल्पात पूर्वी दालचिनीसारख्या रानटी झाडांची साल चोरून काढणाऱ्या लोकांची समिती स्थापन झाली, आणि तीच माणसे पर्यटकांना जंगलात मुक्कामी घेऊन जाणारे वाटाडे व जंगलाचे राखणदार बनली. त्यांना चोरवाटा माहीत होत्या, त्यामुळे इतर चोरांनाही त्यांनीच आवरले. उत्तराखंडमधील बिनसर अभयारण्यात गावांच्या समित्यांनी चालवलेली अतिथिगृहे आहेत आणि पाहुणे एका गावाहून दुसऱ्या गावाला पायी जात मुक्काम करतात. आपल्याकडचा पाऊस, आपली घरे आणि आपली माणसे वेगळी आहेत, त्यामुळे तिथला आराखडा उचलून इथे बसवता येणार नाही. पण अभयारण्यात असे करताच येत नाही, हे म्हणणे टिकत नाही.

काही बंधने मात्र कठोरपणे पाळावी लागतील, आणि त्यांत सूट मागणाऱ्यांच्या बाजूने मी उभा राहणार नाही. जून ते ऑक्टोबर ही भटकंती पूर्ण बंद असावी, कारण म्हादईचे ओढे तासाभरात चढतात. मार्चनंतर वणव्याचा धोका वाढतो. शिवाय कोरड्या महिन्यांत गोचिडांमुळे पसरणाऱ्या माकडतापाचा प्रश्न आहे. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला हा आजार गेल्या काही वर्षांत गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यांतही आढळला आहे. मेलेले माकड दिसले तर त्या वाटेने न जाता आरोग्य केंद्राला कळवणे आणि पूर्ण अंग झाकणारे कपडे घालणे, हे प्रत्येक पाहुण्याला आधीच सांगितले पाहिजे. दारू आणि ध्वनिक्षेपक यांना गावाच्या वेशीवरच मज्जाव हवा.

याच जंगलातील बारापेडे गुहांविषयी स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक वाटते. रॉटनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, मोकळ्या शेपटीच्या दुर्मीळ वटवाघळांचे या गुहा जगप्रसिद्ध वसतिस्थान आहेत. 1913 मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन झाले आणि त्यानंतर अनेक दशके जगात केवळ याच गुहांत ती ज्ञात होती. अलीकडे मेघालय आणि कंबोडियातही ती सापडली आहे. विजेऱ्यांचा प्रकाश, गोंगाट आणि धूर यांनी वटवाघळे बिथरतात, पिले खाली पडतात. या गुहा पर्यटकांच्या वाटेतून कायमच्या वगळाव्यात आणि तिथे केवळ संशोधकांना जाऊ द्यावे. वाटाड्याने पाहुण्यांना लांबून टेकडी दाखवून या प्राण्याची माहिती सांगितली, तरी पुरेसे आहे.

सर्वांत अवघड प्रश्न पुनर्वसनाचा आहे. तळेवाडीतील कुटुंबांनी भरपाई स्वीकारून जंगलाबाहेर जाण्यास संमती दिली आहे आणि इतर गावांतही त्याची चर्चा चालू आहे. ज्यांना मुलांच्या शाळेसाठी, दवाखान्यासाठी बाहेर पडायचे आहे, त्यांना सन्मानाने आणि पूर्ण मोबदल्यासह जाता आले पाहिजे. पर्यटकांना पाहायला गावे हवीत म्हणून कोणालाही जंगलात अडकवून ठेवणे हा अन्याय होईल. त्याचबरोबर रस्ता, वीज आणि दवाखाना वर्षानुवर्षे नाकारून माणसे कंटाळली की त्या कंटाळ्याला स्वखुशी म्हणणे मला मान्य नाही. वनहक्क कायद्यात ग्रामसभेची मुक्त आणि माहितीपूर्ण संमती सांगितली आहे, आणि घरात थोडे स्वतःचे उत्पन्न असलेला माणूसच ती खऱ्या अर्थाने मुक्तपणे देऊ किंवा नाकारू शकतो. ज्यांनी राहायचे ठरवले आहे, त्यांच्यासाठी गावमुक्कामाची ही योजना आहे.

पुढील पावसाळ्यात पुन्हा शोधमोहिमा आणि बंदीची पत्रके काढण्याऐवजी, येत्या दिवाळीपूर्वी वनखात्याने राहू इच्छिणाऱ्या गावांपैकी दोन-तीन गावांच्या ग्रामसभा बोलवाव्यात आणि त्यांच्या संमतीने एका हंगामापुरता हा प्रयोग सुरू करावा. वाटाड्यांसाठी प्रथमोपचाराचे प्रशिक्षण, प्रत्येक मुक्कामाच्या गावात एक बिनतारी संच, पाहुण्यांसाठी एक साधे स्वच्छतागृह आणि सर्पदंशावरील प्रतिविषाचे औषध असलेल्या जवळच्या रुग्णालयापर्यंत पोहोचवणाऱ्या वाहनाची निश्चित सोय, एवढी तयारी त्याआधी झाली पाहिजे. खानापूर तालुक्यातील लोकप्रतिनिधींनी आणि बेळगावातील गिर्यारोहण संस्थांनी या मागणीला आपल्या दैनिकातून जाहीर पाठिंबा द्यावा, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, खानापूर