आक्काचा चेहरा सापडला

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगणार होते. पण बाबांना हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहिते आहे. सोबतच्या पाकिटात आक्काआत्याचा फोटो आहे. बाबा, आधी पत्र पुरतं वाचा, मग पाकीट उघडा.

2019 च्या ऑगस्टमध्ये तुम्ही फोटोंची ट्रंक 2005 च्या पुराच्या खुणेपेक्षा हातभर वर ठेवली होती. गावभागात सगळ्यांनी तेच केलं. भिंतीवरची ती रेघ म्हणजे कृष्णामाईने दिलेला शब्दच, असं धरून चालले होते लोक. त्या वेळी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि ट्रंक आठवडाभर पाण्यात राहिली. उघडली तेव्हा आत अल्बम नव्हते, गाळाने सांधलेली एक वीट होती. आईने गच्चीवर चादर अंथरून, कडेला दगड ठेवून एकेक फोटो वाळत घातला. आणि बाबा, तुम्ही स्टीलच्या पट्टीने चिकटलेले फोटो सोडवायला बसलात. त्यात 1952 च्या त्या स्टुडिओतल्या फोटोतला आक्काचा चेहरा सोलून निघाला. तुम्ही स्टुलावर, ती शेजारी उभी, तिचा हात तुमच्या खांद्यावर, आणि मानेच्या वर पांढरा कागद. तिचा तेवढाच एक फोटो होता. पुढच्याच वर्षी ती गेली. तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि तुम्ही सात.

त्या दिवसापासून तुम्ही ट्रंकेला हात लावला नाही. आईने मला सांगितलं की तुम्ही रात्री उठून बसता आणि “माझ्याच हातून” एवढंच म्हणता.

बाबा, या विषयाचं मी बरंच वाचलं, शिकले, म्हणून सांगते. त्या काळच्या काळ्या-पांढऱ्या फोटोत चित्र म्हणजे चांदीचे बारीक कण असतात आणि ते जिलेटिनच्या पातळ थरात बसवलेले असतात. जिलेटिन पाण्यात फुगतं, मऊ होतं आणि वाळताना ज्याला टेकलेलं असेल त्याला धरून बसतं. पुस्तकी उपाय असा की भिजलेले फोटो स्वच्छ गार पाण्यात ठेवावेत, दोन दिवसांच्या आत अलगद वेगळे करावेत, नाहीतर तसेच ओले फ्रीझरमध्ये गोठवून ठेवावेत. जपानमध्ये 11 मार्च 2011 च्या त्सुनामीनंतर स्वयंसेवकांनी गाळातून निघालेले फोटो असेच धुऊन वाळवले आणि ज्यांचे त्यांना परत दिले. पण आपल्याकडे तेव्हा स्वच्छ पाणी? प्यायला नव्हतं. वीजही नव्हती. आणि ऑगस्टच्या त्या दमट हवेत ती वीट तशीच राहिली असती तर जंतूंनी जिलेटिन खाऊन टाकलं असतं, एकही चेहरा उरला नसता. तुम्ही सोडवलेत म्हणून बाकीचे वाचले.

आता कबुली. गेल्या वर्षी मी तो बिनचेहऱ्याचा फोटो एआयच्या एका प्रोग्रॅमला दिला होता. काही सेकंदांत त्याने मुलगी काढून दिली. नितळ कातडी, टपोरे डोळे, वेण्यासुद्धा. सुंदर होती, पण आपल्या घरातली नव्हती. लाखो चेहरे पाहून ‘इथे साधारण असं असतं’ एवढंच त्या प्रोग्रॅमला कळतं. आक्का त्याला कुठून ठाऊक असणार? क्षणभर वाटलं, हाच छापून तुम्हाला द्यावा, तुम्ही शांत झोपाल. मग भीती वाटली. सत्तर वर्षं तुम्ही तो चेहरा आठवणीतच सांभाळला आहे. रोज भिंतीवर ही परकी पोर बघितलीत तर खरी आक्का तिच्याआड हळूहळू जाईल आणि ते तुमच्या लक्षातही येणार नाही. मी ते चित्र पुसून टाकलं.

त्यानंतर बाकीचे फोटो करत राहिले. आजोबांच्या फोटोवरचे तपकिरी डाग आठवतात ना? स्कॅन केलेलं चित्र लाल, हिरवा, निळा अशा तीन भागांत उलगडता येतं. पिवळे-तपकिरी डाग निळ्या भागात काळेकुट्ट दिसतात आणि लाल भागात जवळजवळ नाहीसे होतात. फक्त लाल भाग ठेवला आणि आजोबा पागोट्यासकट समोर आले. अर्धंअधिक काम तिथेच झालं होतं.

आई, तू विचारलं होतंस की माझ्या बारशाच्या रंगीत फोटोच्या कडा पेटल्यासारख्या लाल-पिवळ्या का झाल्या. रंगीत फोटोत तीन रंग एकावर एक असतात, वर निळसर, मध्ये किरमिजी, तळाशी पिवळा. पाण्याने वरचा थर आधी जातो, मग लाल उरतो. तोही गेला की पिवळा, आणि शेवटी पांढरा कागद. म्हणून तुझा हिरवा शालू पिवळा दिसायला लागला. गेल्या खेपेला तो शालू कपाटातून काढून खिडकीत धरायला लावला होता आणि तू हसली होतीस, ते यासाठी. त्याचा फोटो समोर ठेवून रंग जुळवला आहे. काठाचा रंग मात्र तू बघून सांग.

आणि दिवाळीनंतर हे झालं. काकांच्या मुंजीचा फोटो स्कॅन करायला घेतला. पाठीवर वाळलेला गाळ होता, तो मऊ ब्रशने झाडताना खाली काळसर काहीतरी दिसलं. भिंग लावलं. एक कान होता, बाबा. कान आणि रिबीन.

तुमच्या पट्टीने चेहरा खरवडला गेला नव्हता. तो थर अख्खाच्या अख्खा उचलला जाऊन वरच्या फोटोच्या पाठीला चिकटून राहिला होता. आपल्याला तो आतल्या बाजूने दिसतो, म्हणून उलटा, आरशातल्यासारखा. मी तो 1200 डीपीआयला, म्हणजे अगदी बारकाईने, स्कॅन केला, कॉम्प्युटरवर सुलटा केला आणि मूळ फोटोवर ठेवला. फाटलेल्या नोटेचे दोन तुकडे जुळावेत तशी कड जुळली. मी खुर्चीवरून उठून बाहेर जाऊन उभी राहिले थोडा वेळ.

मी काय केलं आणि काय केलं नाही, ते तुम्हाला ठाऊक असावं. चेहऱ्याचा भाग फिकट आला होता, तो बाकीच्या फोटोइतका गडद केला. मागच्या रंगवलेल्या पडद्यावरच्या भेगा शेजारचाच पडदा घेऊन बुजवल्या. पडदा तो पडदाच. पण डाव्या डोळ्याखाली मसुराएवढी जागा थर तुटल्यामुळे कोरी आहे. ती राखाडी ठेवली आहे. तिथे गाल कसा होता ते मला माहीत नाही.

अजून एक. कपाळाच्या मध्यावर एक ठिपका आहे. ते कुंकू आहे, गोंदण आहे की पुराचा डाग, मला ठरवता येईना. पुसणं एका टिचकीचं काम आहे, पण पुसलेला नाही. ते फक्त तुम्ही सांगू शकता.

आई, फोटोला हळदकुंकू लावू नकोस, आणि फ्रेम करताना काच फोटोला टेकू देऊ नका, मध्ये पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगा. खिडकीसमोर टांगू नका. मूळचे दोन्ही फोटो मी वेगवेगळ्या पाकिटांत जपून ठेवले आहेत. सगळ्या फायली माझ्याकडे आहेत तशा दादाकडेही नागपूरला पाठवल्या, एका पुरात दोन्ही जायला नकोत.

आता पाकीट उघडा. मागच्या पडवीत सकाळचं ऊन येतं तिथे बसा, चष्मा लावा, आईला शेजारी बसवा. रविवारी मी फोन करते. ठिपक्याचं काय ते आईला सांगून ठेवा, ती मला सांगेल.

तुमची लेक