सभागृहाचं छप्पर: पत्रा नको, कौलंच हवीत

सप्रेम नमस्कार.

आपल्या सार्वजनिक सभागृहाचं छप्पर पावसाळ्याआधी उतरवून पुन्हा चढवायचं आहे. त्याला पैसा लागेलच, पण पैशानेही सहज न मिळणाऱ्या काही गोष्टी आहेत. त्या आधी मागतो.

पहिली गोष्ट, जुनी मंगलोरी कौलं. आजची कौलं मापात थोडी वेगळी असतात, त्यामुळे जुन्यांच्या खाचेत ती नीट बसत नाहीत आणि नेमकं तिथूनच पाणी झिरपतं. घरावर स्लॅब टाकला तेव्हा उतरवलेली कौलं अनेकांच्या परसात आजही रचलेली असतील. ती द्यावीत. फुटकीसुद्धा चालतील, दळून चुन्यात घालता येतात.

कौलांवरून आठवलं. आपल्या काही कौलांच्या पाठीवर बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनचा छाप आणि १८६५ हे साल आहे, म्हणून सभागृहही तेव्हाचंच असं गावात ठामपणे सांगितलं जातं. ते साल इमारतीचं नव्हे. मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, त्याचं ते साल आहे आणि पुढे कित्येक वर्षं तोच छाप उठत राहिला. पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारने मिशनचे कारखाने ताब्यात घेतले. त्यामुळे कौलं त्याआधीची असावीत, एवढंच त्यावरून धरता येतं.

खरं वय कागदांतून कळेल. १८८२ साली तेव्हाचा व्हाइसरॉय लॉर्ड रिपन याच्या ठरावाने स्थानिक स्वराज्य संस्थांना बळ मिळालं, लोकांनी निवडून दिलेले सभासद नगरपालिकांत बसू लागले आणि त्यांच्या बैठकांना, व्याख्यानांना जागा लागू लागली. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली, त्या निमित्तानेही देशभर सभागृहं आणि घड्याळाचे मनोरे उभे राहिले. आपलं सभागृह नेमकं कधीचं, हे ठरवायला घरातली जुनी पत्रं, वर्गणीच्या पावत्या, नाटकांच्या जाहिराती, सभागृहात काढलेले फोटो आम्हाला दाखवावेत. आम्ही तुमच्यासमोर प्रत काढून मूळ कागद लगेच परत देऊ.

आता बांधणीबद्दल, कारण ‘सरळ पत्रा टाका, कटकट मिटेल’ असा सल्ला रोज मिळतो. मधलं उंच दालन, दोन्ही बाजूंना पडव्या, भिंतीच्या माथ्याला झरोके अशी ही रचना आहे. तापलेली हवा वर चढून झरोक्यांतून निघून जाते. सागवानी कैच्यांवर (छप्पर पेलणाऱ्या तिकोनी चौकटींवर) कौलांचाच भार धरलेला आहे. पत्रा टाकला तर उन्हाळ्यात आत बसवणार नाही आणि पावसात वक्त्याचा शब्द ऐकू येणार नाही. मग सभागृह राखून करायचं काय?

भिंतींचं दुखणं मात्र आपणच ओढवून घेतलेलं आहे. काळ्या दगडाच्या आणि चुन्याच्या या भिंतींत जमिनीतली ओल थोडी चढते आणि चुन्यावाटे बाहेर सुकून जाते. मागे एका दुरुस्तीत त्यांना खालून कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा चढवला गेला. ओलीची वाट बंद झाली, ती गिलाव्याच्या वर चढली आणि आता छातीएवढ्या उंचीवर लोणा (ओलीबरोबर येणारा खार) लागून चुना भुगा होऊन गळतो आहे. हा गिलावा सोलून पुन्हा चुन्याचाच करायचा आहे. चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) पाण्यात विरवणं, मुरवणं, सुर्खी (विटा-कौलांची भुकटी) मिसळणं हे काम हाताने केलेले गवंडी आसपास कुणाच्या ओळखीत असतील तर कळवा. वय झालं असेल तरी हरकत नाही. त्यांनी खुर्चीत बसून सांगावं, तरुण गवंडी करतील.

विजेची सगळी तारजोडणी बदलल्याशिवाय सभागृह उघडणार नाही, हेही ठरलं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडलं, ते सर्वांनी पाहिलं. शाहू महाराजांच्या काळची ती वास्तू होती. जुनं लाकूड, पडदे आणि आग यांचं गणित आपल्याकडेही तेच आहे. वायरमन मंडळींनी या कामात वेळ दिला तर मोठा खर्च वाचेल.

देणगी रोख असो वा धनादेशाने, पावती घेतल्याशिवाय कुणाच्याही हाती देऊ नये, अगदी समितीच्या सभासदाच्याही. जमाखर्च दर महिन्याला सभागृहाच्या दारावर लावला जाईल. लाकूड किंवा वाहन देणाऱ्यांची नोंदही त्याच यादीत होईल.

श्रमदानाला येणाऱ्यांनी जाड तळाच्या चपला किंवा बूट घालून यावं. कौलं उतरवताना मुलांना आवारात आणू नये.

आपली,
सभागृह दुरुस्ती समिती