बाबांचे बूट मी आणलेत

पुणे, १४ जुलै

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, तुमचे करडे बूट शोधू नका. जिन्याखाली नाहीत, आणि आईने भंगारात दिलेले नाहीत, तिला उगाच बोलू नका. रविवारी निघताना ते मी माझ्या पिशवीत घातले. विचारलं असतं तर तुम्ही "अजून चांगले आहेत" म्हणाला असतात आणि मी नेहमीसारखी गप्प बसले असते. फोनवर बुटांचं नाव काढलं की तुम्ही फोन आईच्या हातात देता, म्हणून हे पत्र.

आणखी एक सांगायचं राहिलंय. शनिवारी संध्याकाळी "आजोबांच्या पायाचं चित्र शाळेत न्यायचंय" म्हणून धाकट्याने तुम्हाला पुठ्ठ्यावर उभं केलं ना, ते शाळेचं काम नव्हतं. त्याला खोटं बोलायला लावलं याचं मला वाईट वाटतं. पण पाय मोजायचा तर संध्याकाळीच, कारण दिवसभरात तो थोडा फुगतो. आणि अंगाचा भार देऊन, उभं राहून मोजायचा. बसून घेतलेलं माप कमी भरतं. तुमचा डावा पाय २७.२ सेंटीमीटर भरला आणि उजवा २६.७. बहुतेकांचे दोन पाय असे थोडे कमीजास्त असतात, आणि बूट घ्यायचा तो मोठ्या पायाच्या मापाने. तुम्ही मला आठवतंय तेव्हापासून आठ नंबरच मागत आलात. वयाबरोबर तळव्याची कमान थोडी बसते, पाय लांब आणि रुंद होत जातो. जुन्या बुटातला आतला सोल काढून मी तुमच्या पायाचा पुठ्ठा त्यावर ठेवला. डावा अंगठा सोलच्या अगदी कडेला टेकत होता आणि करंगळी चक्क बाहेर. चार वर्षं तुम्ही त्यात पळताय. दिवसाला ५ किलोमीटर, आठवड्याचे ६ दिवस, म्हणजे वर्षाला दीड हजाराच्या वर. पळायच्या बुटाचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धरतात. वरून कापड नवं दिसलं तरी सोलमधला फोम तोवर दबून गेलेला असतो.

पण खरं सांगू का, मला बुटांचं एवढं काही नव्हतं. शुक्रवारी रात्री तुम्ही पाय धुऊन ओट्यावर बसलात आणि मला ते काळं नख दिसलं. कधी लागलं विचारलं, तर तुम्हाला आठवेना. "दुखत नाही गं," म्हणालात. मला तीच भीती वाटली. बारा वर्षांची साखर आहे बाबा. साखरेत पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. बूट चावला तरी कळत नाही, आणि फोड आला, फुटला, चिघळला तरी माणूस चालत राहतो. मी दर महिन्याला येते, तुमच्या पाया पडते, आणि तुमचे पाय कधी नीट पाहिलेच नाहीत. पुण्यापर्यंत गाडीत तेवढंच डोक्यात होतं.

यवतेश्वरचा घाट चढताना नखाला काही होत नाही. उतरताना पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठा दर पावलाला पुढच्या बाजूवर आदळतो. पुढे जागा नसेल तर नखाखाली रक्त साकळतं. म्हणून सगळ्यांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, बोटं आत पसरता आली पाहिजेत, टाच मात्र वर-खाली व्हायला नको.

इथल्या दुकानात मला आधी यंत्रावर पाय ठेवायला सांगत होते, कमान बघून बूट ठरवू म्हणून. मी त्यावर थोडं वाचून गेले होते. अमेरिकेच्या सैन्यात नव्या भरतीच्या हजारो जणांना तळव्याची कमान बघून वेगवेगळे बूट देऊन पाहिले, २००९ आणि २०१० मध्ये ते छापून आलं. दुखापती काही कमी झाल्या नाहीत. आता बरेच जाणकार म्हणतात, घालून थोडं पळून बघा आणि पायाला जो सुखाचा वाटेल तो घ्या. इतर कुणाला मीही हेच सांगेन. तुमच्या बाबतीत माझा त्यावर विश्वास बसत नाही, कारण तुमचा पाय खरं सांगतोच असं आता राहिलेलं नाही. म्हणून तुमच्यासाठी मोजपट्टी आणि आईचे डोळे.

नऊ नंबर घेतलाय, पुढून रुंद, आतून शिवण न लागणारा. टाच आणि चवड्याच्या उंचीतला फरक जुन्याइतकाच ठेवलाय, एकदम कमी केला की पोटरी आणि टाचेमागची शीर धरते. रंग करडाच आहे. झगझगीत नारिंगी समोर होता, मी हातसुद्धा लावला नाही. किमतीचं विचारू नका. आम्ही दोघा बहीणभावांनी मिळून दिलेत, आणि त्यालाही हे पटलंय.

आठवतं का, जूनमध्ये शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट घ्यायला तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून राजवाड्यावर न्यायचात? गुडघ्यावर बसून बुटाच्या टोकावर तुमचा अंगठा दाबायचात, आणि "बोटं हलव बघू, मने" म्हणायचात. मी हलवायचे. तुम्हाला पटेपर्यंत दुकानदाराला तीन-तीन खोकी उघडायला लावायचात. स्वतःचे बूट मात्र उभ्या-उभ्या, "आठ द्या" म्हणून पिशवीत टाकायचे. दुकानात काल मी तो पुठ्ठा बुटात सरकवून पुढे अंगठा दाबून पाहिला. बरोब्बर एक अंगठा जागा आहे.

आई, खोक्यात खाली तुझेही आहेत. रागावू नकोस. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली चार पावलं तू भिंत धरून टाकतेस, मी पाहिलंय. त्या सपाट चपलेत टाचेला काही आधार नाही. साडीवर बूट कसे दिसतील म्हणशील, पण शाहू स्टेडियमला सकाळी कितीतरी बायका साडी आणि बूट घालून फिरतात. बरे वाटले नाहीत तर मी स्वतः परत करीन. घरात फरशीवर अनवाणी फिरू नकोस, मऊ सपाता वेगळ्या ठेवल्यात.

आता दोघांनी नीट ऐका. बूट गुरुवारी पोचतील. बाबा, पहिल्या दिवशी घरातच तासभर घाला. काढल्यावर आई तळवा, टाच, बोटांच्या फटी बघेल. लाल डाग दिसला आणि थोड्या वेळात गेला नाही, तर तो बूट पुन्हा घालायचा नाही आणि मला लगेच फोन करायचा. मग रोज थोडं थोडं वाढवा. बूट घालण्याआधी प्रत्येक वेळी आत हात फिरवा, खडा असला तरी तुम्हाला टोचणार नाही. सुती मोजे घामाने ओले होऊन फोड आणतात, पातळ चार जोड घातलेत ते वापरा. घाट उतरायच्या आधी शेवटच्या भोकातून नाडी ओवून घट्ट करा. भिजले तर आत रद्दी कोंबून सावलीत ठेवा. उन्हात नको, डिंक सुटतो. आणि नख खालून वाढेपर्यंत घाट नको, सपाटीवर जा.

सोमवारी सकाळी अकराची वेळ आपल्या डॉक्टरांकडे मी घेऊन ठेवली आहे. ते तळव्याला नायलॉनचा बारीक धागा टेकवून कळतं का बघतात, दुखत नाही. मी शनिवारीच येते, तुम्हाला एकट्याने जावं लागणार नाही. आई, माझ्यासाठी काही करत बसू नकोस, आमटी-भात पुरे.

तुमची,
मनी

ता. क. बाबा, सप्टेंबरच्या हिल मॅरेथॉनला तुम्ही नाव घातलंय ते आईने सांगितलं. पळू नका असं मी या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही. सोमवारी डॉक्टरांना आपण दोघं मिळूनच विचारू.