अण्णा, आकडे गाळून वाचू नका

ती. आई-अण्णांना सा. न.

जहाजावरच्या नोकरीच्या करारावर सही केली. आधी विचारलं असतं तर गंगाखेडच्या वेळेसारखंच झालं असतं, म्हणून करून सांगायलेय. पगाराचं म्हणत नाही. आत्ता सोडलं तर पुढच्या परीक्षेला लागणारे समुद्रावरचे महिने भरत नाहीत. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळं 2023च्या अखेरपासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, आमचंही तसंच. आणि नेमका तिथल्या राक्षसी लाटेचा व्हिडिओ आईला कुणीतरी दाखवला.

अशी लाट असते, खोटं कशाला बोलू. 1 जानेवारी 1995ला नॉर्वेजवळ समुद्रात उभारलेल्या ड्रॉपनर फलाटावरच्या लेझरनं 25.6 मीटरची लाट मोजली. भोवतालच्या मोठ्या लाटा सरासरी 12 मीटरच्या. ती एक लाट म्हणजे 84 फूट, अन् आपली विहीर 60. त्याआधी खलाशांनी सांगितलं तर लोक थापा समजायचे.

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या खाली आगुल्हास नावाचा समुद्री प्रवाह नैर्ऋत्येला धावतो. वादळाच्या लाटा नैर्ऋत्येकडूनच समोरून आल्या की प्रवाहावर आखडतात, उभ्या चढतात. पुढं खोल खड्डा पडतो. जहाजाचं टोक त्यात उतरतं आणि वर यायच्या आत पाणी अंगावर. 2001मध्ये दक्षिण अटलांटिकात ‘ब्रेमेन’ या प्रवासी जहाजाच्या ब्रिजच्या, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथल्या, काचा फुटल्या, पाण्यानं वीज गेली, इंजिन बंद पडून जहाज लाटांना आडवं झालं. बुडालं नाही, अण्णा. हे वाक्य आईला दोनदा वाचून दाखवा.

म्हणून नैर्ऋत्येच्या वाऱ्याचा अंदाज आला की 200 मीटर खोलीच्या रेषेच्या आत, किनाऱ्याकडं सरकायचं. तिथं प्रवाहाचा जोर कमी. मालाच्या कोठारांवरच्या झाकणांच्या पकडी आवळायच्या, हवेचे झरोके बंद, खिडक्यांवर लोखंडी झाकणं, डेकवर कुणी नाही. वेग उतरवायचा, पण फार नाही. नाहीतर सुकाणू ऐकत नाही.

माझी खोली वेगळी आहे, न्हाणी आतच, गरम पाणी चोवीस तास. ज्वारीचं पीठ 3 किलो घेतलंय. धपाटे तुझ्यासारखे जमणार नाहीत आई, मधोमध फाटतातच माझे.

आफ्रिकेच्या टोकाला, केपजवळ, दोन-तीन दिवस फोन आला नाही तरी दादाला रात्री उठवू नका. अण्णा, बीपीची गोळी सकाळीच घ्या, आणि ओल्या हातानं मोटारीच्या स्टार्टरला हात लावायचा नाही. आई, तो व्हिडिओ पुसून टाक.

तुमची,
माई