विहिरीचा कठडा छातीएवढा होता

संपादक साहेब,

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतली पोरगी गेली, लग्नाला तीन वर्षं पण झाली नव्हती, सासरचे म्हणले पाय घसरून विहिरीत पडली. ती विहीर मी पाहिली, कठडा छातीएवढा आहे, तिथं पाय कसा घसरतो ते कुणीतरी समजून सांगा.

कायदा ढिला नाही हो. लग्नाच्या ७ वर्षांच्या आत बाई अशी गेली अन् मरायच्या थोडं आधी हुंड्यापायी छळ झाल्याचं दाखवता आलं, तर कोर्ट हुंडाबळीच धरून चालतं, शिक्षा कमीत कमी ७ वर्षं, नाहीतर जन्मठेप. पहिले ते जुन्या दंड विधानात (आयपीसीत) कलम ३०४ ब होतं, जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ८०, अन् नवरा-सासरच्यांच्या छळाचं जे ४९८ अ होतं त्याचं आता ८५ झालं. पण ते 'थोडं आधी' दाखवायचं कशानं? पोरगी फोनवर रडली तर माय म्हणती, नांदायचंय तुला, सहन कर. पैसे दिले ते रोख, बिनकागदाचे. व्हॉट्सॲपवरचे मेसेज बापानंच डिलीट केले, धाकटीचं जमायचंय म्हणून. मग वकिलानं पुरावा आणायचा कुठून?

अन् सगळ्यात राग येतो तो बैठकीचा. तेराव्याच्या आधीच चार मोठी माणसं बसतात, सोनं वापस, वरून थोडे पैसे, की साक्षीदार कोर्टात फितूर. आमच्या गल्लीतली बैठक येत्या रविवारी आहे, मलाबी बोलावलंय. मी जाणार नाही.

– एक वाचक, जि. परभणी